पंधरा सप्टेंबरचं बातमीपत्र

वसराम नायक तांडा,
पो. पुसेगाव, ता. सेनगाव, जि. हिंगोली
९ फेब्रुवारी २००३

चि. हनुमान यास आशीर्वाद.

तू मला ओळखशील की नाही याची खात्री नाही. डोंगरकड्याच्या शाळेत तू पाचवी ते सातवी माझ्या वर्गात होतास. सकाळी फळ्यावर बातम्या लिहायचं काम मी तुझ्याकडे दिलं होतं, कारण तुझं अक्षर चांगलं होतं. मागच्या महिन्यात डोंगरकड्याच्या बाजारात तुझे वडील नामाजी भेटले. मेंढरं विकून टाकली म्हणाले. तू मुंबईला एका बातम्यांच्या वाहिनीत टेपा सांभाळण्याच्या कामावर आहेस असं त्यांच्याकडून कळलं. पत्ता त्यांनीच दिला. कामाशिवाय पत्र लिहिण्याची मला सवय नाही. काम सांगतो.

माझा मोठा मुलगा योगेश पुसेगाव ते हिंगोली काळी-पिवळी जीप चालवायचा. १५ सप्टेंबर २००० रोजी दुपारी आमच्या ओढ्याच्या फरशी पुलावरून पाणी जात होतं. त्याने जीप घातली आणि ती वाहून गेली. जीपमध्ये योगेश धरून नऊ माणसं होती. सहा प्रेतं मिळाली. एक म्हातारी वाचली. ती नरसीला नामदेवाच्या दर्शनाला आलेली, परगावची. तिच्या माणसांनी तिला दवाखान्यातूनच नेलं. तिचं नाव-गाव इथे कोणालाच माहीत नाही. एक लहान मुलगी आणि योगेश सापडले नाहीत.

संध्याकाळपर्यंत आम्ही काठाने फिरत होतो. तेवढ्यात पुसेगावहून माणसं पळत आली. तिथे आमच्याच तांड्यातल्या सेवाच्या हॉटेलात टीव्ही आहे. "गुरुजी, योगेश टीव्हीवर दिसला! काठावर उभा हाय!" आम्ही पोचेपर्यंत बातमी संपली होती. तेच बातमीपत्र दुसऱ्या दिवशी सकाळी आठला पुन्हा लागलं. तेव्हा मी, माझी पत्नी नीलाबाई आणि अर्धा तांडा त्या हॉटेलात होतो. जीप वाहून गेल्याची बातमी बाई वाचत होती, आणि चित्रात आमचा ओढा, फरशी पूल, काठावर माणसं. त्या माणसांत योगेश. खांद्यावर टॉवेल, कंबरेवर हात. त्याने कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. चार-पाच सेकंद असतील. तो योगेशच होता. याबद्दल कोणाला शंका नव्हती, आजही नाही.

मग लोकांनी अर्थ लावला तो असा, की जीप वाहिली, योगेश पोहून काठाला लागला आणि माणसं बुडाली हे पाहून माराच्या भीतीने पळाला. ड्रायव्हर पळतात, हे खरं आहे. बुडालेल्यांत शेजारच्या तांड्याच्या लालसिंगची बायको होती. लालसिंग आमच्या दारावरून जाताना थुंकतो. मी पुण्याला, सुरतेला, साखर कारखान्यांवर ऊसतोडीच्या टोळ्यांत शोधून आलो. मिळाला नाही.

नीलाबाई म्हणते, टीव्हीवर पाहिलं, म्हणजे जिता हाय. ती ऐकत नाही. आमची सून संगिता बावीस वर्षांची आहे. ती अजून घुगरी घालते. आमच्या लग्न झालेल्या बंजारा बायका केसांत कानाजवळ चांदीचा दागिना बांधतात तो. तू डोंगरकड्याच्या बाजारात पाहिला असशील. नवरा गेला की तो सोडतात. तांड्याचा कारभार वसराम नायकाकडे आहे, त्याने सांगितलं आहे, खात्री होईपर्यंत घुगरी सोडायची नाही. म्हणजे ती पोरगी सुवासिनी नाही आणि विधवाही नाही. मूलबाळ नाही. तिला दुसरं घर करून देता येत नाही आणि इथेही तिला काही नाही.

मला ती बातमी पुन्हा एकदा पाहायची आहे. योगेशचे कपडे ओले होते का, जवळ कोण उभं होतं, तो कोणत्या बाजूला वळला, हे नीट पाहिलं तर काही कळेल. तुझ्या ताब्यात टेप असेल तर प्रत मिळेल का? काय खर्च पडेल तो कळव.

गुलाबसिंग आडे


मुंबई
३ मार्च २००३

आदरणीय गुरुजी,

सा. न. आपलं पत्र मिळालं. योगेशबद्दल वाचून फार वाईट वाटलं. मी त्याला पाहिलेलं नाही, पण आपल्या टेबलावर त्याचा बालवाडीतला फोटो काचेखाली होता तो आठवतो.

मी नोंदवही काढून पाहिली. त्या अपघाताची आमच्या हिंगोलीच्या वार्ताहराने पाठवलेली टेप इथे आली होती. ती पुढे पुसून पुन्हा वापरली गेली. टेपा कमी पडतात, म्हणून असं करावं लागतं. नियमच आहे. त्यामुळे मला काही पाठवता येत नाही याचं दुःख आहे.

बाईंना नमस्कार सांगा. माझ्या आईला, चंद्रभागाबाईला, आता गुडघ्यांमुळे चालवत नाही.

आपला विद्यार्थी
हनुमान पोले


वसराम नायक तांडा
२१ मार्च २००३

चि. हनुमान यास आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. तू जे आहे ते स्पष्ट कळवलंस, त्याबद्दल आभार. माणसं उगीच आशा लावून ठेवतात, तसं तू केलं नाहीस.

बातम्या पुसतात हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं की टीव्हीवर एकदा आलं म्हणजे ते कुठेतरी राहत असणार. आपण शाळेत फळा रोज पुसायचो, पण ती गोष्ट वेगळी.

नीलाबाईला मी सांगितलं की टेप राहिली नाही. ती म्हणाली, "मंग तो आता कुटंच न्हाई व्हय?" 

आईच्या गुडघ्यांना निरगुडीचा पाला गरम करून बांधायला सांग.

गुलाबसिंग


वसराम नायक तांडा
४ मे २००५

चि. हनुमान यास आशीर्वाद.

दोन वर्षांनी लिहीत आहे. मध्ये मी सेवानिवृत्त झालो. धाकटी मुलगी मिना लग्न होऊन कळमनुरीकडे गेली. योगेशबद्दल काही कळलं नाही.

परवा संगिताचा भाऊ प्रेमदास तिला न्यायला आला होता. त्याने तिच्यासाठी उमरखेडकडे एक जागा पाहिली आहे. त्या माणसाची बायको बाळंतपणात गेलेली, माणूस चांगला आहे म्हणतो. नायकाच्या ओट्यावर सगळे बसलो. प्रेमदास तरुण आहे, त्याने आवाज चढवला.

"काहून अडवून राहिले तुमी तिला? पाच वर्स झाली. जिता असता तर एक चिठ्ठी तरी टाकली असती ना?"

नायक म्हणाला, "प्रेमदास, उद्या तो दारात उभा राहिला तर? तू सांगशील का त्याला, तुझी बायको आमी देऊन टाकली म्हणून?"

"तुमी टीव्हीला नायक करून टाकलं."

"आमी डोळ्यांनी पाहिलं. तुझ्या बहिणीनं बी पाहिलं. इचार तिला."

संगिता आत होती. तिला कोणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही. प्रेमदास चहा न घेता गेला.

हे तुला लिहिण्याचं कारण एवढंच, की दुसऱ्या कोणाकडे, दुसऱ्या कोणत्या खोलीत, त्या बातमीपत्राची प्रत असू शकते का? नसेल तर नाही म्हणून कळव. एक ओळ पुरे.

गुलाबसिंग


मुंबई
२८ जुलै २००६

आदरणीय गुरुजी,

सा. न. आपल्या पत्राला उत्तर द्यायला सव्वा वर्ष लागलं. क्षमा मागायलाही तोंड नाही.

इथली टेप लायब्ररी बंद होत आहे. यापुढे सगळं कॉम्प्युटरवर राहणार. चोवीस तास बातम्या चालतात, आता एवढं येतं की ठेवायचं काय हे ठरवायला कोणी बसत नाही. जागा भरली की जुनं आपोआप जातं. पुसायलाही माणूस लागत नाही. सात हजार टेपा भंगारात चालल्या आहेत. काही ठेवा म्हणून मी दोनदा लिहून दिलं. नवीन आलेली मुलं चांगली आहेत, हुशार आहेत, पण मला म्हणतात, "काका, कालची बातमी कोण बघतं?" पुढे पत्रकारांना काही ताडून पाहायचं असेल तर ते कशावर पाहणार, असं मी विचारलं. एक जण म्हणाला, "ताडून पाहायला वेळ कुठे असतो?" तो थट्टा करत नव्हता.

हा पसारा काढताना आपल्याला हवी असलेली टेप सापडली. ती वेगळ्या कपाटात होती. मूळ टेप मी घरी आणली आहे. तिच्यावरून साधी व्हिडिओ कॅसेट करून सोबत पाठवत आहे. हिंगोलीला लग्नाचं शूटिंग करणाऱ्यांकडे ती लावता येईल. यात जे दाखवलं गेलं तेवढंच आहे.

माझं काम ऑगस्टअखेर संपतं आहे. पत्ता हाच राहील.

हनुमान


वसराम नायक तांडा
१२ ऑगस्ट २००६

चि. हनुमान यास आशीर्वाद.

कॅसेट मिळाली. काल हिंगोलीला जाऊन पाहिली. नीलाबाई सोबत आली होती. तिला मोतीबिंदू झाला आहे, पावसाळा संपल्यावर ऑपरेशन करायचं आहे. तिला पडदा दिसत नाही, फक्त उजेड दिसतो. तरी आली.

दुकानदाराने विचारलं, "कोणाच्या लग्नाची हाय गुरुजी?" मी म्हटलं, लग्नाची नाही. त्याने लावली. पहिल्या खेपेला मी फक्त योगेशला पाहिलं. नीलाबाईने माझ्या बाहीला धरलं होतं.

"दिसला का?"

"दिसला."

"कसा हाय?"

"बारीक आहे."

मी दुकानदाराला पुन्हा लावायला सांगितलं, आणि जिथे योगेश मान फिरवतो तिथे थांबवायला सांगितलं. त्याचा शर्ट कोरडा आहे. टॉवेलही कोरडा, घडी केलेला. पुरातून निघालेला माणूस असा नसतो. हे मला सहा वर्षांपूर्वीच दिसायला पाहिजे होतं.

मग खाली डाव्या कोपऱ्यात, पाण्याला लागून असलेल्या खडकावर, सहा-सात लहान वस्तू ओळीने ठेवलेल्या दिसल्या. दुकानदार म्हणाला, "गवताच्या कुंड्या हायेत का हो?" त्या कुंड्या नाहीत. तीजेच्या दुरड्या आहेत. आमच्या कुमारिका मुली श्रावणात बांबूच्या दुरड्यांत गहू पेरतात, नऊ दिवस पाणी घालतात, आणि गोकुळअष्टमीच्या दुसऱ्या दिवशी सगळा तांडा वाजतगाजत जाऊन त्या ओढ्यात बुडवतो. दुरड्यांतला गहू वीतभर वाढलेला आहे. एका दुरडीच्या काठाला लाल कापड गुंडाळलेलं आहे. ती मिनाची होती. बाकीच्या कोणाच्या ते सांगता येत नाही.

दोन हजार साली तीज २४ ऑगस्टला बुडवली. जीप १५ सप्टेंबरला वाहून गेली. त्या दिवशी ओढ्यावर दुरड्या असणं शक्य नाही.

सध्या तांड्यात तीज बसलेली आहे. मुली रोज पाणी घालतात. मी घरी आलो तेव्हा नायकाच्या दारात मांडलेल्या दुरड्या पाहत बराच वेळ उभा राहिलो. नीलाबाईला अजून काही सांगितलेलं नाही.

हनुमान, शाळेत फळ्यावर बातमी लिहिताना मी तुला तारीख आधी लिहायला लावायचो. मला फक्त तारीख कळव. हे चित्र कोणत्या दिवशी घेतलं?

गुलाबसिंग


मुंबई
१९ ऑगस्ट २००६

आदरणीय गुरुजी,

२४ ऑगस्ट २०००.

आपण फक्त तारीख विचारली आहे, पण बाकीचं न लिहिता हे पत्र बंद करता येत नाही.

१५ सप्टेंबरला दुपारी चार वाजता हिंगोलीच्या वार्ताहराचा फोन आला, की जीप वाहून गेली. त्याने शूटिंग केलं होतं, पण टेप एसटीने निघणार होती. बातमी साडेसातला द्यायची होती. संपादकांनी विचारलं, "हिंगोलीच्या पाण्याचं काही आहे का?" मी तेव्हा कंत्राटावर होतो. आपल्या जिल्ह्याचं कधी कोणी विचारत नसे. त्याच वार्ताहराने तीन आठवड्यांपूर्वी पुलावरून पाणी जातानाचं चित्र पाठवलं होतं, ते कधी दाखवलं गेलं नव्हतं. मी पळत जाऊन ती टेप काढून दिली. पूल तोच, पाणी तसंच. चिठ्ठीवर टेपचा क्रमांक लिहिला. 'जुनं' हा शब्द लिहायचा राहिला. तो लिहिला असता तर चित्राखाली 'संग्रहित दृश्य' अशी पट्टी आली असती.

साडेसातला मी उभा राहून बातमी पाहिली. पट्टी नव्हती. माझ्या लक्षात आलं. मी सांगायला गेलो नाही. संपादक पुढच्या बातमीत होते, आणि मला वाटलं, पाणी ते पाणीच. त्यात माणसं उभी आहेत आणि त्या माणसांना आई-बाप आहेत, हे डोक्यात आलं नाही.

अपघाताची टेप सतराला आली. तोपर्यंत दुसऱ्या बातम्या सुरू झाल्या होत्या, ती कोणी दाखवली नाही. आमच्याकडे नियम असा होता, की दाखवलेली टेप ठेवायची आणि न दाखवलेली सहा महिन्यांनी पुसायची. म्हणून जुनी टेप दाखवलेली म्हणून राहिली आणि अपघाताची पुसली गेली. २००३ साली आपल्याला लिहिलं ते या दुसऱ्या टेपेबद्दल होतं. तेवढं खरं होतं. पहिली टेप त्या दिवशीही माझ्यासमोर कपाटात होती. नोकरी नुकतीच पक्की झाली होती. चौकशी होईल, माझी चिठ्ठी निघेल, असं वाटलं. पुढे आपण माझे आभार मानलेत, त्यानंतर लिहिणं आणखी कठीण झालं.

पुसण्याआधी प्रत्येक टेप पाहून तिच्यात काय आहे ते नोंदवहीत लिहायचं काम माझं होतं. अपघाताच्या टेपेची नोंद माझ्याच अक्षरात आहे. नोंदवह्याही भंगारात निघाल्या होत्या. ते पान मी काढून घेतलं आहे. सोबत पाठवत आहे. आपलं पहिलं पत्र आलं त्याच दिवशी मी ते वाचलं होतं. त्यातला मजकूर इथेही उतरवतो, पान खराब झालं तर असावा म्हणून.

"हिंगोली, १५ सप्टें. दोरांनी जीप ओढताना. गर्दी, पोलीस. दवाखाना: वृद्ध महिला प्रवासी बोलते, 'डायवर पोरानं मला खिडकीतून भायेर ढकललं. म्हणला, आजी, फांदी धर. मंग त्या लेकराला उचलाया मागं वळला. तवा जीप पालथी झाली. तो भायेर आला न्हाई.' एक मिनिट दहा सेकंद. न वापरलेले."

तिचं नाव मी लिहिलं नव्हतं. वार्ताहराने विचारलं नसावं.

हनुमान


मुंबई
८ सप्टेंबर २००६

गुरुजी,

माझं पत्र पोचलं का? पान पोचलं का? आपण काहीही लिहा, शिव्या लिहा, पण दोन ओळी लिहा.

हनुमान


वसराम नायक तांडा
१६ सप्टेंबर २००६

चि. हनुमान यास,

दोन्ही पत्रं मिळाली. पान मिळालं. उशीर झाला, कारण इथली कामं आधी करायची होती.

पत्र आलं त्या दिवशी मी नीलाबाईला समोर बसवलं. कसं सांगावं कळत नव्हतं. म्हटलं, त्या कॅसेटमध्ये योगेशच्या पायाजवळ तीजेच्या दुरड्या आहेत. एवढंच म्हटलं. ती ज्वारी निवडत होती. हात थांबला नाही.

"व्हय. मिनाची लाल काठाची व्हती त्यात."

मी विचारलं, तुला कसं माहीत? मी लाल काठाचं कोणाला बोललेलो नाही.

"मीच बांधला व्हता तो काठ, माझ्या जुन्या घागऱ्याचा, फेटियाचा. त्या दिवशी हाटेलात म्हणले न्हाई का तुमाला, ह्या दुरड्या कशा दिसून राहिल्या? तीज तर कवाच बुडवली. तुमी म्हणले, चूप बस, बातमीत जुनं दाखवत नसतात."

"मग?"

"मंग काय? तुमी मास्तर. तुमी म्हणता तर बराबर असंल. मी म्हणले, माझेच डोळे फिरले असतील."

हनुमान, मला हे आठवत नव्हतं. तिने सांगितल्यावर आठवलं. सेवाच्या हॉटेलात आम्ही पुढच्या बाकावर होतो, ती माझ्या मागे उभी होती. तिने माझ्या खांद्याला हात लावून विचारलं होतं. सगळा तांडा माझ्याकडे पाहत होता, कारण मी शिकलेला होतो. मला त्या क्षणी योगेश जिवंत पाहिजे होता आणि ती मध्येच दुरड्यांचं बोलत होती. मी तिला चार लोकांसमोर गप्प केलं. त्यानंतर सहा वर्षं तिने तो विषय काढला नाही. जिता हाय, असंच म्हणत राहिली.

मी तुला पहिल्या पत्रात लिहिलं होतं की नीलाबाई ऐकत नाही. ते चूक आहे. तिने ऐकलं. माझं ऐकलं.

सून आमच्यात सासऱ्याशी समोरासमोर बोलत नाही. संगिता चुलीपाशी होती. ती नीलाबाईला म्हणाली, पण मला ऐकू जाईल अशा आवाजात, "सहा वर्स मी माणसाची वाट पाहून राहिले का टीव्हीची, इचारा त्यायला." मी उठून बाहेर गेलो. 

दुसऱ्या दिवशी नायकाच्या ओट्यावर मी ते पान वाचून दाखवलं. लालसिंगला निरोप पाठवला होता, तो येईल असं वाटलं नव्हतं, पण आला. उभाच राहिला. वाचून झाल्यावर म्हणाला, "पुन्यांदा वाचा." मी पुन्हा वाचलं. ते लेकरू त्याच्या मेव्हण्याची मुलगी होती. तो आमच्या घरी आला, ओट्यावर बसला, पाणी मागून प्याला. जाताना नीलाबाईला म्हणाला, "भाबी, मी लई थुंकलो तुमच्या दारात." ती म्हणाली, "पाऊस पडला ना त्याच्यावर सहा वर्स. धुऊन गेलं."

काल सहा वर्षं पुरी झाली. काल आम्ही योगेशचं सगळं केलं. देह नव्हता म्हणून त्याचा जीप चालवतानाचा खाकी शर्ट ठेवला. घुगरी नीलाबाईने सोडली. तिला गाठ दिसेना. बोटं केसांत चाचपडत होती. शेवटी संगितानेच तिचा हात धरून गाठीवर नेऊन ठेवला. दोघी रडल्या. आमच्या बाया रडतात तेव्हा गेलेल्याचं नाव घेऊन, त्याचे गुण सांगत, सुरात रडतात. सहा वर्षं त्यांना ते रडू मिळालं नव्हतं. मी शर्टाची घडी घालत बसलो.

प्रेमदास दसऱ्यानंतर येईल. ते उमरखेडचं ठिकाण आता राहिलेलं नाही. त्या माणसाने गेल्या वर्षी लग्न केलं. दुसरं पाहू म्हणतो.

तुझ्यावर राग नाही असं मी लिहिणार नाही. आहे. तीन वर्षं ते पान तुझ्याजवळ होतं, आणि मी तुझे आभार मानत होतो. पण तुझ्या आधी माझा नंबर लागतो. तू एक शब्द लिहायला विसरलास. मी पाहणाऱ्या माणसाला गप्प केलं. डोंगरकड्याला वर्तमानपत्र दुपारच्या गाडीने यायचं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यातल्या बातम्या तू फळ्यावर 'आजच्या बातम्या' म्हणून लिहायचास. मीच सांगितलं होतं तसं लिहायला. तुला ते आठवत असेल. तू पत्रात लिहिलं नाहीस.

आता काम सांगतो. मूळ टेप तुझ्या घरी आहे असं लिहिलं होतंस. ती पुसू देऊ नकोस, आणि कोणाला देऊन टाकू नकोस. पुढे बातम्यांचं काय व्हायचं ते होवो, ही एक नीट असू दे. तिच्यावरचं लेबल काढ आणि दुसरं लाव. अक्षर तुझंच असू दे. मी सांगतो तसं लिही. तारीख आधी.

२४ ऑगस्ट २०००. ओढ्याला पाणी. काठावर तीजेच्या दुरड्या, त्यांत लाल काठाची मिनाची. खांद्यावर टॉवेल घेतलेला, योगेश गुलाबसिंग आडे, वय चोवीस. बहिणीची तीज बुडवायला आलेला. या दिवशी जिवंत.

गुलाबसिंग